सयामचे भिक्खू-राजे मोंगकूट

रत्नागिरीला गेलेला माणूस थिबा राजवाडा पाहिल्याशिवाय सहसा परतत नाही. ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केले आणि १८८६ मध्ये आपल्या कोकणात आणून ठेवले. तीस वर्षे तो तेथे राहिला आणि १९१६ मध्ये तेथेच वारला. त्याची समाधीही रत्नागिरीतच आहे. हा राजा बौद्ध होता, तरुणपणी विहारात शिकलेला होता. त्याचे वडील राजा मिंडोन यांनी १८७१ मध्ये मंडाले येथे पाचवी धम्मसंगीती भरविली होती आणि सारे त्रिपिटक ७२९ संगमरवरी शिळांवर कोरून घेतले होते. एवढे धम्मनिष्ठ घराणे, पण इंग्रजांच्या तोफांपुढे ते टिकले नाही.

शाळेच्या सहलीत हा राजवाडा दाखवीत असताना एका मुलीने मला विचारले होते की, गुरुजी, सगळ्याच बौद्ध राजांचे असे झाले का? तिला त्या वेळी नीट उत्तर देता आले नाही. या लेखात ते देण्याचा प्रयत्न करतो.

सगळ्यांचे असे झाले नाही. ब्रह्मदेशाला लागूनच असलेले सयाम, म्हणजे आजचे थायलंड, युरोपातील कोणत्याही राष्ट्राची वसाहत झाले नाही. त्याच्या पश्चिमेला इंग्रज होते, पूर्वेला फ्रेंच होते आणि दोघांच्याही तोफा सयामच्या कितीतरी पुढे होत्या. अशा वेळी त्या देशाच्या गादीवर जो माणूस होता, त्याने आधी सत्तावीस वर्षे चीवर परिधान केले होते आणि नंतर सतरा वर्षे राज्य केले. त्यांचे नाव मोंगकूट. थाई लोक त्यांना चौथा राम म्हणूनही ओळखतात.

राजपुत्र भिक्खू होतो

मोंगकूट यांचा जन्म १८ ऑक्टोबर १८०४ रोजी झाला. त्यांच्या आजोबांनी १७८२ मध्ये बँकॉक येथे नवी राजधानी वसवून आजचे राजघराणे स्थापन केले होते. त्याआधीची राजधानी अयुथ्या ब्रह्मी सैन्याने १७६७ मध्ये जाळून बेचिराख केली होती. बलाढ्य शेजारी म्हणजे काय, हे त्या घराण्याला कोणी सांगावे लागत नव्हते. सयामी माणसाच्या मनात शत्रू म्हटला की ब्रह्मदेशच उभा राहत असे.

१८२४ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, मोंगकूट यांनी तेथील रीतीप्रमाणे उपसंपदा घेतली. त्यांचे भिक्खूजीवनातील नाव वजिरञाण. सयाममध्ये तरुणांनी काही काळ भिक्खू होण्याची प्रथा आहे. राजपुत्रही काही महिने विहारात राहून परत येतात. परंतु त्यांच्या दीक्षेनंतर थोड्याच दिवसांत वडील वारले. मोंगकूट हे पट्टराणीचे पुत्र असूनही दरबाराने गादी त्यांच्या वडील सावत्र भावाला दिली. तो भाऊ राज्यकारभारात आणि व्यापारात मुरलेला होता. मोंगकूट यांनी तंटा केला नाही. त्यांनी चीवर उतरविले नाही आणि ते विहारातच राहिले.

त्याच वर्षी, १८२४ मध्ये, इंग्रज आणि ब्रह्मदेश यांच्यात पहिले युद्ध सुरू झाले. १८२६ मध्ये ब्रह्मदेश हरला आणि आराकान व तेनासेरिम हे प्रांत गमावून बसला. ज्या ब्रह्मी सैन्याने अयुथ्या जाळली, त्यालाच दूर समुद्रापलीकडून आलेल्या कंपनीने लोळविले. सयामचा जुना शेजारी दुबळा झाला आणि त्याच्या जागी त्याहून बलवान असा नवा शेजारी सरहद्दीवर येऊन बसला.

विहारातील सत्तावीस वर्षे

वजिरञाण भिक्खूंनी आरंभी ध्यानसाधना शिकण्याचा प्रयत्न केला. परंतु आपल्या आचार्यांना कारणे विचारली तर ते परंपरेकडे बोट दाखवितात, असे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी पाली भाषेचा कसून अभ्यास केला आणि मूळ त्रिपिटकाकडे वळले. विनयाचे काटेकोर पालन करणाऱ्या एका मोन भिक्खूचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. त्यातून त्यांनी संघात सुधारणेची एक चळवळ उभी केली. तीच पुढे धम्मयुत्तिक निकाय म्हणून प्रसिद्ध झाली. बुद्धवचन काय आणि मागाहून चिकटलेल्या दंतकथा काय, हे निवडून घ्यावे, धम्म बुद्धीला पटावा, असा तिचा आग्रह होता. बँकॉकच्या वाट बोवोननिवेत या विहाराचे ते प्रमुख झाले. तेथे त्यांनी छापखाना चालविला. सिंहलद्वीपातील भिक्खूंशी संबंध जोडले आणि तिकडे भिक्खू पाठविले.

राजपुत्र असूनही ते भिक्षापात्र घेऊन दारोदार फिरत. दूरच्या प्रांतांतून पायी हिंडत. राजवाड्यात वाढलेल्या माणसाला गरिबाच्या चुलीवर काय शिजते हे कळण्याचा याहून चांगला मार्ग नव्हता.

त्यांनी आणखी एक गोष्ट केली. बँकॉकमध्ये फ्रेंच कॅथलिक बिशप पालेग्वा होते. त्यांच्याकडून ते लॅटिन शिकले आणि त्यांना पाली शिकविली. अमेरिकन मिशनरी कॅसवेल यांच्याकडून इंग्रजी शिकले आणि मोबदला म्हणून त्यांना विहाराच्या आवारात ख्रिस्ती धर्मावर बोलायला जागा दिली. भूगोल, गणित, खगोलशास्त्र हे विषय त्यांनी इंग्रजी पुस्तकांतून आत्मसात केले. मिशनऱ्यांना वाटे की हा भिक्खू आज ना उद्या ख्रिस्ती होणार. त्यांनी मिशनऱ्यांचे शास्त्र घेतले, धर्म मात्र घेतला नाही.

ही वर्षे वाया गेली नाहीत. १८३९ ते १८४२ या काळात इंग्रजांनी अफूच्या युद्धात चीनला नमविले. सयामचे राजे चीनच्या सम्राटाकडे नजराणे पाठवीत असत. तो सम्राटच हरला, याचा अर्थ दरबारातील पुष्कळांना उमगला नाही. परंतु इंग्रजी वृत्तपत्रे वाचणाऱ्या या भिक्खूला तो उमगला.

याच काळातील एक लहानशी हकीकत आहे. धम्मयुत्तिक भिक्खू मोन पद्धतीने चीवर नेसत. मरणासन्न राजाला ते परदेशी वाटून खुपत होते. मोंगकूट यांनी आपल्या भिक्खूंना चीवराची जुनी थाई पद्धत पुन्हा घ्यायला सांगितली. त्यांना विनय महत्त्वाचा होता आणि चीवराच्या पद्धतीपायी संघात व राज्यात फूट पडू द्यायची नव्हती. काय सोडता येईल आणि काय सोडता येणार नाही, याची त्यांची पारख येथेच दिसते.

राजा आणि बाउरिंगचा तह

एप्रिल १८५१ मध्ये भाऊ वारला आणि दरबाराने मोंगकूट यांना गादीवर बोलाविले. तेव्हा ते सेहेचाळीस वर्षांचे होते. धाकटे भाऊ पिंक्लाओ यांना त्यांनी दुसरा राजा म्हणून जवळजवळ आपल्या बरोबरीचा मान दिला. पिंक्लाओ यांना इंग्रजी उत्तम येई आणि त्यांना आरमाराची व तोफांची चांगली जाण होती.

आदल्याच वर्षी इंग्रजांचा आणि अमेरिकेचा असे दोन वकील व्यापारी तह मागायला येऊन हात हलवीत परतले होते. पुढचा वकील एकटा येणार नाही, बरोबर आरमार आणील, हे उघड होते. १८५२ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशाशी दुसरे युद्ध केले आणि सारा दक्षिण ब्रह्मदेश गिळला. मोंगकूट यांनी मग थांबून वाट पाहिली नाही. हाँगकाँगचे गव्हर्नर सर जॉन बाउरिंग यांच्याशी त्यांनी स्वतःच्या हाताने इंग्रजीत पत्रव्यवहार सुरू केला. आपल्या इंग्रजी पत्रांखाली ते लॅटिन भाषेत सयामी लोकांचा राजा अशी सही करीत.

१८५५ मध्ये बाउरिंग आले. त्यांची लढाऊ आगबोट चाओ फ्राया नदीतून थेट बँकॉकपर्यंत आली आणि तिने तोफांची सलामी दिली. सलामी मानाची असली तरी त्या तोफा कशाकरिता आहेत हे कोणाला सांगावे लागले नाही. १८ एप्रिल १८५५ रोजी तह झाला.

त्या तहाने सयामने काय दिले, ते नीट पाहिले पाहिजे. आयात मालावर शेकडा ३ पेक्षा अधिक जकात घ्यायची नाही. व्यापारातील राजाचे जुने मक्ते बंद करायचे. इंग्रज प्रजाजनाने सयाममध्ये गुन्हा केला तर त्याचा न्याय सयामी न्यायाधीशाने करायचा नाही, इंग्रज वकिलाने करायचा. ही सवलत गोऱ्यांपुरतीच नव्हती. इंग्रजांचे हिंदी, ब्रह्मी, मलायी प्रजाजनही तिच्यात येत. अफू जकातीशिवाय आत येऊ द्यायची, मात्र ती सरकारी मक्तेदारालाच विकायची. आधीच्या राजाने अफूवर कडक बंदी घातली होती. आता तिचाच मक्ता सरकारी उत्पन्नाचा भाग झाला.

बौद्ध वाचकाला येथे थांबावेसे वाटेल. जकात आणि व्यापारी मक्ते गेल्यावर तिजोरी भरण्यासाठी अफू, दारू, जुगार आणि सोडत यांच्या मक्त्यांवर राज्य अधिकाधिक विसंबू लागले. ज्याने सत्तावीस वर्षे इतरांना शील दिले, त्याच्याच राज्याचा खर्च अशा पैशांवर चालावा, ही त्या तहाची सर्वांत कडू किंमत होती. ती लपवून मोंगकूट यांची थोरवी सांगणे बरोबर नाही.

मग त्यांनी हे का मान्य केले? जकात आज गेली तर उद्या मागून घेता येते. न्यायाचा अधिकारही वाटाघाटीने परत मिळविता येतो. परंतु राजा कैद झाला, राजधानीवर परका झेंडा लागला, की मागणारा तोंडच उरत नाही. चीन आणि ब्रह्मदेश यांनी नकार दिला, युद्ध केले, आणि शेवटी तहही करावा लागला व मुलूखही गेला. सयामने मुलूख न देता तह केला.

दुसरा डाव त्याहून महत्त्वाचा होता. इंग्रजांना जे दिले तेच त्यांनी इतरांनाही देऊ केले. १८५६ मध्ये अमेरिका आणि फ्रान्स, पुढे डेन्मार्क, पोर्तुगाल, नेदरलँड्स, प्रशिया अशा एकेका राष्ट्राशी तह झाले. एकच सावकार गावात असला म्हणजे तो घर गिळतो. चार असले तर एकमेकांवर नजर ठेवतात. १८५७ मध्ये सयामचे वकील इंग्लंडमध्ये राणी व्हिक्टोरियाला भेटले आणि १८६१ मध्ये दुसरे वकील फ्रान्सच्या सम्राटापुढे उभे राहिले.

मगर आणि देवमासा

तरीही शेजारी गप्प बसले नाहीत. नोव्हेंबर १८६२ मध्ये इंग्रजी लढाऊ जहाजांनी मलाया किनाऱ्यावरील त्रेंगानू या सयामच्या मांडलिक संस्थानावर तोफा डागल्या. मोंगकूट यांच्याजवळ उलट डागायला आरमार नव्हते. त्यांनी निषेधाची पत्रे लिहिली. लंडनच्या पार्लमेंटातही त्या गोळीबारावर टीका झाली.

पूर्वेकडे फ्रेंचांनी १८५९ मध्ये सायगाव घेतले. १८६३ मध्ये त्यांनी कंबोडियाच्या राजाकडून संरक्षणाचा करार लिहून घेतला. कंबोडिया हे सयामचे जुने मांडलिक राज्य. मोंगकूट यांनी त्याच राजाशी गुपचूप वेगळा करार केला. तो उघडकीला आल्यावर फ्रेंचांचा दाब वाढला. बँकॉकमधील फ्रेंच वकील धमकावणीच्या सुरात बोलू लागला.

१८६७ मध्ये पॅरिसला पाठविलेल्या आपल्या वकिलाला मोंगकूट यांनी एक पत्र लिहिले. ते आज थाई इतिहासात प्रसिद्ध आहे. त्यात त्यांनी आपल्या देशाची स्थिती उघडपणे मांडली आहे. नदीत वर पोहत जाऊन मगरीशी मैत्री करावी, की समुद्रात जाऊन देवमाशाला बिलगावे, असा प्रश्न त्यांनी केला. मगर म्हणजे फ्रेंच आणि देवमासा म्हणजे इंग्रज. पुढे ते म्हणतात की, समजा आपल्या देशात सोन्याची खाण सापडली आणि शेकडो लढाऊ जहाजे घेण्याइतका पैसा आला, तरी ती जहाजे आणि तोफा याच लोकांकडून विकत घ्याव्या लागतील, आणि विकणे केव्हा थांबवायचे ते त्यांच्या हातात राहील. म्हणून आपल्याजवळ खरी शस्त्रे दोनच, आपली वाणी आणि समंजसपणाने भरलेले आपले अंतःकरण.

हे हताश माणसाचे बोलणे नाही. आपले बळ किती आणि समोरच्याचे किती, हे त्याने डोळे उघडे ठेवून मोजले आहे. त्याच वर्षी जुलैमध्ये तह होऊन सयामने कंबोडियावरील फ्रेंच संरक्षण मान्य केले. बट्टमबंग आणि सियाम रीप हे प्रांत मात्र आपल्याकडे राखले. आणि ज्या बाउरिंग यांनी बारा वर्षांपूर्वी तह लिहून घेतला होता, त्यांनाच मोंगकूट यांनी युरोपातील आपले वकील नेमले.

घरातील कारभार

मोंगकूट यांनी सरकारी राजपत्र छापायला सुरुवात केली, टाकसाळ आणली, बँकॉकमध्ये रुंद रस्ता बांधला. राजाची स्वारी निघाली म्हणजे प्रजेने दारे बंद करून लपावे ही रीत मोडली. लोकांचे अर्ज ते स्वतः हाती घेत. नवऱ्याने बायकोला तिच्या संमतीशिवाय विकू नये असा कायदा त्यांनी केला. परंतु गुलामी आणि वेठबिगार त्यांच्या राज्यात चालूच राहिली. त्यांचा राणीवसा मोठा होता आणि मुले ८२ होती. परक्यांपासून देश स्वतंत्र ठेवणे आणि देशातील माणसाला माणसापासून स्वतंत्र करणे ही दोन कामे आहेत. मोंगकूट यांनी पहिले केले. दुसऱ्याला त्यांचे पुत्र चुलालोंगकोर्न यांनी १८७४ मध्ये हात घातला आणि १९०५ च्या कायद्याने गुलामी संपविली.

मुलांना इंग्रजी शिकविण्यासाठी मोंगकूट यांनी १८६२ मध्ये ॲना लिओनोवेन्स या बाईंना नेमले. त्यांनी विद्या शिकवावी, ख्रिस्ती धर्माचा प्रचार करू नये, अशी अट आधीच घातली. या बाई मूळच्या आपल्याकडच्या. त्यांचा जन्म १८३१ मध्ये अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला झाला होता. पुढे त्यांनी लिहिलेल्या पुस्तकांवरून नाटक-चित्रपट निघाले आणि त्यांत हा विद्वान राजा हुकूमशहा व विदूषक म्हणून रंगविला गेला. थायलंडमध्ये त्या चित्रपटांवर बंदी घातली गेली. बलवानाचा विजय तोफेने होतो तसा लेखणीनेही होतो, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

ग्रहण आणि अंत

१८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले. हेच ग्रहण आपल्या देशात गुंटूर येथून फ्रेंच व इंग्रज शास्त्रज्ञांनी पाहिले. सयाममध्ये ते कोठून आणि केव्हा दिसेल याचे गणित खुद्द राजाने मांडले होते. राहू सूर्याला गिळतो असे मानणाऱ्या दरबाऱ्यांना त्यांनी वाघो या समुद्रकाठच्या गावी नेले. सिंगापूरचा इंग्रज गव्हर्नर आणि फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ यांनाही बोलाविले. गणित बिनचूक ठरले. सयामचा राजा अडाणी आहे असे युरोपात कोणी म्हणू नये, हाही त्यामागे हेतू होता.

परंतु त्या दलदलीच्या जंगलात हिवतापाची साथ होती. राजा आणि राजपुत्र दोघेही आजारी पडले. राजपुत्र वाचला. मोंगकूट १ ऑक्टोबर १८६८ रोजी, पवारणेच्या पौर्णिमेला वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी संघासाठी पालीत निरोप सांगितला आणि आपल्या हातून काही चुकले असल्यास क्षमा मागितली. राजा म्हणून जगलेला माणूस भिक्खू म्हणून गेला.

हिशेब

मोंगकूट यांच्यानंतरही शेजाऱ्यांचा रेटा थांबला नाही. १८९३ मध्ये फ्रेंच युद्धनौका बँकॉकवर चालून आल्या आणि मेकाँग नदीपलीकडचा लाओसचा मुलूख गेला. १९०७ मध्ये बट्टमबंग आणि सियाम रीपही गेले. १९०९ मध्ये मलायातील चार संस्थाने इंग्रजांना द्यावी लागली. देशाचा गाभा मात्र राहिला. १८९६ मध्ये इंग्रज आणि फ्रेंच यांनी चाओ फ्रायाच्या खोऱ्यात कोणीही शिरू नये असा आपसात करार केला. एकमेकांच्या मध्ये एक मोकळे राज्य असणे दोघांनाही सोयीचे वाटले. सयाम वाचण्यात या सोयीचा वाटा मोठा आहे. ब्रह्मदेशाच्या वाट्याला तसा योग आला नाही. मिंडोन राजानेही सुधारणा केल्या होत्या आणि वकील लंडनला पाठविले होते. म्हणून थिबाच्या घराण्याला दोष देऊन सयामचे गुणगान करणे अन्यायाचे होईल. परंतु योग आला तरी तो ओळखणारा माणूस गादीवर असावा लागतो. बाउरिंगच्या तहातील अन्याय्य कलमे १९२० पासून एकेका राष्ट्राशी बोलणी करून सयामने रद्द करून घेतली आणि १९३७-३८ पर्यंत ती सर्व गेली. जे परत मागता येईल असे म्हणून दिले होते, ते खरोखरच परत मिळाले.

शेवटी एकच गोष्ट सांगतो. १८९८ मध्ये कपिलवस्तूजवळच्या पिप्रहवा येथील स्तूपात भगवान बुद्धांच्या अस्थी सापडल्या. त्या कोणाला द्याव्या असा प्रश्न इंग्रज सरकारपुढे आला. १८९९ मध्ये त्या मोंगकूट यांच्या पुत्राला, राजा चुलालोंगकोर्न यांना देण्यात आल्या आणि त्यांनी त्यांतील भाग ब्रह्मदेश व सिंहलद्वीपातील बौद्धांनाही वाटून दिले. ब्रह्मदेश आणि सिंहल इंग्रजांच्या ताब्यात होते. त्या भागात अस्थी स्वीकारायला स्वतंत्र असा बौद्ध राजा तेवढाच उरला होता.

सहलीतल्या त्या मुलीला आता मी हेच सांगेन. सगळे बौद्ध राजे कैदी झाले नाहीत. एकाने तोफ नाही हे ओळखून विद्या घेतली, पुष्कळ गमावले, पण बुद्धांच्या अस्थी हातात घ्यायला त्याच्या मुलाचे हात मोकळे ठेवले.